चामडी आसुडाची घरगुती घडण : रचना आणि संमती

प्रौढ व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या क्रीडेत वापरले जाणारे चामडी आसूड पुष्कळदा घरीच तयार केले जातात. त्यांच्या रचनेतच सुरक्षिततेचा विचार कसा अंतर्भूत असतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

आसुडांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. एकाच निमुळत्या वेणीच्या चाबकात ऊर्जा उत्तरोत्तर कमी वस्तुमानात एकवटते. फटकारताना त्याच्या टोकाची गती ध्वनीहून अधिक होते व कडाका उमटतो. असे टोक त्वचा सहज फाडू शकते. याउलट 'फ्लॉगर'मध्ये आघात अनेक वाद्यांत विभागला जातो. म्हणून नवशिक्यास तोच इष्ट.

त्याची कृती सोपी आहे. मऊ कमावलेल्या चामड्याचा वरचा पट्टा अखंड ठेवून खाली सुमारे १ सेंमी रुंदीच्या समान वाद्या कापतात. अखंड भाग लाकडी दांडीभोवती गुंडाळून, चिकटवून पक्का बांधतात. रुंद, मऊ वाद्यांचा आघात बोथट, तर अरुंद, कडक वाद्यांचा झोंबरा असतो. खिळ्याचे टोक वा धारदार कड उरू नये. चामडे सच्छिद्र असल्याने पूर्ण निर्जंतुक होत नाही. रक्त लागलेले साधन दुसऱ्यावर वापरू नये. मान, पाठीचा कणा व मूत्रपिंडांची जागा वर्ज्य समजावी.

ब्रिटनमध्ये १९९३ च्या 'ब्राउन' खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने अशा क्रीडेतील इजेबाबत संमतीचा बचाव नाकारला. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २५ मधील प्रौढांच्या संमतीची तरतूदही मृत्यू वा गंभीर दुखापतीचा हेतू असल्यास लागू होत नाही. तात्पर्य, कारागिराची दक्षता ही संमतीला पूरक असते. तिचा पर्याय नव्हे.