एबीएस आहे, मग काय काळजी?

‘एबीएस असलं की गाडी जागच्या जागी थांबते’ असं शोरूमपासून पानटपरीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. एबीएसचं खरं काम वेगळं आहे. जोरात ब्रेक मारला की चाकं जाम होतात आणि जाम झालेलं चाक नुसतं घसरत जातं. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच धावते. एबीएस प्रत्येक चाकाच्या वेगावर लक्ष ठेवतं आणि एखादं चाक जाम होऊ लागलं की त्याचा ब्रेक क्षणभर सैल करून पुन्हा आवळतं, तेही सेकंदाला अनेकदा. त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. सुट्या खडीवर मात्र थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं, कारण एरवी जाम चाकापुढे साचणारी खडीच गाडीला अडवते. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं, एबीएस असो वा नसो.

भारतात एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, तरी ते चालू झाल्यावर काय होतं हे अनेकांना ठाऊक नसतं. ऐनवेळी पायाखाली पॅडल थरथरतं, करकरल्यासारखा आवाज येतो आणि ‘ब्रेक गेला’ समजून माणूस पाय उचलतो. ती थरथर एबीएस काम करत असल्याची खूण आहे. पाय पूर्ण दाबून ठेवायचा आणि मोकळ्या जागेकडे गाडी वळवायची. ब्रेक सोडून-सोडून मारण्याचा सल्ला एबीएस नसलेल्या गाड्यांसाठी होता.

ट्रॅक्शन कंट्रोलबद्दलही असाच घोळ आहे. ॲक्सिलरेटर दिल्यावर चाक गरगर फिरू लागलं तर ते आवरतं, एवढंच. ब्रेक मारताना त्याचा उपयोग नाही. चिखलात रुतलेली गाडी काढताना तर ते कधीकधी बंदच करावं लागतं.

सगळ्यात चिवट गैरसमज उतारावरचा. ‘न्यूट्रल टाका, पेट्रोल वाचेल’ हा हिशेब कार्ब्युरेटरच्या जमान्यातला. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन जवळपास बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. शिवाय इंजिनची अडवणूक संपते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, पकड कमी होते. जुन्या ब्रेक ऑइलने हवेतली ओल शोषलेली असली तर ते लवकर उकळतं, नळीत वाफ होते आणि पॅडल थेट खाली जातं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ट्रकचे अपघात होत आले आहेत, त्यामागे ट्रक न्यूट्रलला टाकणं हे वारंवार सांगितलं जाणारं कारण. इंजिनच बंद करून उतरणारे महाभाग वेगळेच: दोन-तीनदा पॅडल दाबलं की ब्रेकचा बूस्टर संपतो आणि स्टिअरिंगही जड होतं.

घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही बरोबर आहे. ब्रेक ऑइल बहुतेक गाड्यांत साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. तुमचं शेवटचं कधी बदललं, ते सर्व्हिसिंगच्या बिलांत शोधा.