टायरवरची बाराखडी

गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. झिजलेल्या शिलालेखापासून उत्तरपत्रिकेतल्या मुंग्यांच्या रांगेपर्यंत कोणतेही लिखाण आपल्याला वाचता येते, असा माझा समज होता. गेल्या उन्हाळ्यात नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एका टायरवाल्याच्या दुकानापुढे तो समज फुटला. टायर मात्र फुटला नाही. तो का फुटला नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या दारात स्कूटर. पण आमचा धाकटा मेहुणा निफाडकडचा द्राक्षबागाईतदार. एका चांगल्या हंगामानंतर त्याने चारही चाकांना जोर असलेली, उंच, विलायती बनावटीची एक आलिशान मोटार जुन्या बाजारात विकत घेतली. पुढे व्यवसायासाठी त्याला वर्षभर परदेशी जावे लागले. निघताना त्याने किल्ली बहिणीच्या हातावर ठेवली आणि मला म्हणाला, "दाजी, गाडी नुसती उभी ठेवू नका हं. अधूनमधून फिरवत जा."

मी ती फिरवली नाही. पुसली. दसऱ्याला हार घातला. कित्येक महिने ती आमच्या इमारतीच्या आवारात, राजाने बक्षीस दिलेल्या हत्तीसारखी उभी होती. हत्तीला निदान भूक लागली की तो ओरडतो. मोटार ओरडत नाही, हेच तिचे मोठे दुर्गुण.

मे महिन्यात आईने शेगावची इच्छा बोलून दाखवली. सिन्नरच्या पुढे समृद्धी महामार्गावर चढायचे आणि मेहकरला उतरायचे, असा बेत ठरला. आदल्या दिवशी हवा भरायला म्हणून मी गाडी बाहेर काढली.

टायरवाले चाचा वयस्क होते. त्यांनी हवेची नळी हातात घेतली, चाकाकडे पाहिले आणि नळी पुन्हा खुंटीला लावली.

"सर, कुठे निघालात?"

"शेगावला. समृद्धीने."

"सोबत कोण?"

"आई, सौभाग्यवती आणि दोन मुले."

चाचांनी फडक्याने टायरची कड पुसली. "वाचा," ते म्हणाले.

लंबगोलात चार आकडे होते : ३२१७. मला वाटले, कारखान्याचा काही क्रमांक असेल. "बत्तिसावा आठवडा, सन २०१७," चाचा म्हणाले. "सर, रबर बोलत नाही, पण लिहून ठेवतं."

मी म्हणालो, "पण नक्षी तर नव्यासारखी आहे!" त्यांनी माझे बोट धरून नक्षीच्या खोबणीत फिरवले. नख रुतेल अशा बारीक भेगा होत्या. "नक्षी आहे. जीव नाही."

चार टायरांची किंमत ऐकून मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. मेहुण्याला परदेशी फोन लावला. तोही बिचारा द्राक्षाच्या पैशाने सावध झालेला माणूस. म्हणाला, "दाजी, नक्षी चांगली आहे ना? मग एवढी एक फेरी मारून या. मी आल्यावर बघतो." मला ते पटलेही असते, कारण माझी शिल्लक मला ठाऊक होती. तेवढ्यात सौभाग्यवतींनी फोन घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "अरे, सासूबाई आणि तुझी भाची बसणार आहेत त्यात." पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "ताई, चारही बदल."

जुने टायर उतरल्यावर चाचांनी त्यांतल्या एकात हात घालून मूठभर काळी भुकटी माझ्यापुढे धरली. हवा कमी असताना गाडी पळत राहिली की टायरची बाजू आतल्या आत घासली जाते. ही त्याची भुकटी. बाहेरून त्या टायरला काहीही झालेले दिसत नव्हते. ती भुकटी पाहिल्यावर किमतीचा विचार माझ्या मनातून गेला.

टायर वाचावा कसा?

त्या दिवसापासून मी ही बाराखडी शिकलो. वाचकांनीही आपल्या मोटारीपाशी उकिडवे बसून ती गिरवावी.

समजा, टायरवर २६५/६० आर १८ असे लिहिले आहे. २६५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या साठ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी आणि १८ म्हणजे आतल्या चाकाचा व्यास, इंचांत. पुढे ११० एच असे असेल, तर ११० हा भाराचा आकडा. त्याचा अर्थ त्या एका टायरवर १०६० किलोपर्यंत वजन चालते. 'एच' ही वेगाची खूण, ताशी २१० किलोमीटरपर्यंतची. स्वस्त मिळाला म्हणून कमी भाराचा टायर जड गाडीला बसवणे म्हणजे पहिलवानाला पोराची खुर्ची देणे होय.

नक्षी किती उरली, हेही टायर स्वतःच सांगतो. खोबणीच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर उरली असे समजावे. मोटारीसाठी कायद्याची मर्यादा तीच. पावसाळ्यापूर्वी मात्र त्या मर्यादेची वाट पाहू नये. खोबणी उथळ झाली की पाणी बाहेर पडायला जागा राहत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगू लागते. टायर सहा वर्षांचा झाला की जाणकाराला दाखवावा. दहाव्या वर्षी नक्षी कितीही सुंदर असो, त्याला निरोप द्यावा.

चारही चाकांना जोर असलेल्या गाडीला आणखी एक पथ्य आहे. एकच नवा टायर बसवला तर त्याचा घेर जुन्यांपेक्षा मोठा पडतो, चाके कमीजास्त फिरतात आणि त्याचा ताण आतल्या दातेरी चक्रांवर येतो. म्हणून अशा गाडीचे टायर शक्यतो चारही एकदम बदलावेत, आणि साधारण दर दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करावेत.

हवा : स्वस्त औषध

बेलफास्टच्या डनलॉप या पशुवैद्याने १८८८ साली मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला. तेव्हापासून गाडीचा भार रबर नव्हे, हवाच उचलते. किती हवा भरावी, ते चालकाच्या दाराच्या खांबावरील चिठ्ठीत असते. टायरवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा; तो भरायचा नसतो. हवा थंड टायरात, निदान तीन तास गाडी उभी राहिल्यावर तपासावी. महिन्यातून एकदा, आणि जादा चाकाचीही. नायट्रोजन भरला म्हणून निश्चिंत होऊ नये. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

समृद्धीवर हे अधिक जपायला हवे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. रस्ता काँक्रीटचा, मोटारींना मर्यादा ताशी १२० किलोमीटरची. गावातल्या खड्ड्यांत टायरला मधूनमधून विसावा तरी मिळतो. इथे तो तासन्‌तास अखंड तापतो. हवा कमी असेल तर बाजू अधिक दबते, दबली की अधिक तापते, आणि वैशाखातल्या दुपारी ती उष्णता जायला जागा नसते.

टोचन करण्यापूर्वी

शेगाव सुखरूप झाले. पण महिन्याभराने मुंबईहून परतताना कसारा घाटात मोटार बंद पडली. एका ट्रकचालकाने आपुलकीने दोर काढला : "चला सर, टोचन करून वर नेतो." मी हात जोडून नको म्हटले, कारण एव्हाना मी गाडीचे पुस्तक वाचले होते.

आपोआप गिअर बदलणाऱ्या पेटीत तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती, म्हणजे पेटी कोरडी घासणार. त्यात चारही चाकांना जोर असेल, तर दोन चाके उचलून ओढणेही घातकच. अशा गाडीला सपाट पाटाचा ट्रक बोलवावा आणि चारही चाके जमिनीवरून उचलावीत. अगदी बाजूला घेण्यापुरती ओढायची झाली, तर बंपरमध्ये फिरवून बसवायची कडी जॅकच्या हत्यारांत असते. दोर तिलाच लावावा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि सुकाणू जड होतात, हे विसरू नये. आम्ही दोन तास थांबलो, मुलांनी चिवडा संपवला, आणि गिअरची पेटी वाचली.

उभ्या मोटारीचे दुखणे

मोटार चालून जितकी झिजते, तितकीच उभी राहूनही बिघडते. बॅटरी उतरते, टायर एका जागी दबतात, ब्रेकच्या तबकड्या गंजतात, उंदीर तारा कुरतडतात. २०२० नंतरच्या डिझेल मोटारीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती नुसत्या भाजी मंडईच्या फेऱ्यांनी तुंबते; अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास गाडी पळवावी लागते. काही मोटारींना धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचे द्रावण लागते. हे मेहुण्याला सांगताच तो हसला : "दाजी, द्राक्षाला युरिया ठाऊक होता. गाडीलाही लागतो?" लागतो, पण शेतातला नव्हे. तो ३२.५ टक्क्यांचा, शुद्ध पाण्यातला, वेगळा विकत घ्यावा लागतो.

आमच्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत सिएटचे टायर बनतात, आणि २००२ साली आलेली महिंद्राची स्कॉर्पिओही नाशिककरांच्याच हातून घडली. इतकी वर्षे मी त्या भोंग्यांच्या आवाजाने घड्याळ लावत आलो, आणि टायरवरचे चार आकडे मात्र मला वाचता आले नाहीत.

मेहुणा परत आला, मोटार घेऊन गेला. आवार मोकळे झाले. परवा माझ्या स्कूटरपाशी मी उकिडवा बसलेला पाहून आई म्हणाली, "काय रे शोधतोस?" मी म्हणालो, "वाचतोय." मागच्या टायरवरचे चार आकडे वाचून झाल्यावर मी उठलो आणि तशीच स्कूटर ढकलत चाचांच्या दुकानाकडे निघालो.