फिशटँकचा फिल्टर : जास्त धुतला तर मासे जातील

फिशटँकचे काम करणाऱ्या कारागिराला एक तक्रार कधी ना कधी ऐकावीच लागते. "भाई, तुम्ही फिल्टर इतका छान धुऊन दिला, पाणी काचेसारखे झाले, आणि तिसऱ्या दिवशी सगळे मासे गेले!" कारागीर म्हणतो, शेठ, माझ्या कामात कसूर नाही. ग्राहक म्हणतो, मग मासे मेले कसे? दोघेही आपापल्या जागी खरे असतात. मोटार ठीक, गळती बंद, डबा चकचकीत. नुकसान झाले ते त्या चकचकीतपणामुळेच. मजुरी बुडते, ग्राहक तुटतो आणि बाजारात नाव खराब होते ते वेगळे.

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी आता कापड दुकानात, दवाखान्यात, हॉटेलच्या गल्ल्याशेजारी मोठी काचेची टाकी ठेवण्याची हौस वाढते आहे. लहान टाकीला आतला स्पंज फिल्टर पुरतो. टाकी चार फुटांची झाली की बाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर लागतो. बाजारात त्याला कॅनिस्टर फिल्टर म्हणतात. तो बिघडला की ग्राहकाला जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. पंप, कूलर आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांना हे काम अवघड नाही. मात्र हा फिल्टर मिक्सरसारखा निर्जीव नाही, एवढे आधी समजून घेतले पाहिजे.

डब्यात काय चालते?

जर्मनीच्या एहाइम कंपनीने १९६० च्या दशकात अशा डब्याचे फिल्टर बाजारात आणले. आज चिनी बनावटीचे फिल्टर सर्वत्र मिळतात, पण रचना तीच आहे. डबा टाकीच्या खाली, कपाटात ठेवतात. टाकीतले पाणी नळीवाटे स्वतःच्या वजनाने खाली येते, डब्यातील थरांतून जाते आणि झाकणातील लहान मोटार ते परत वर टाकीत ढकलते. पाणी वरून खाली येण्यावर सगळा खेळ असल्याने डबा टाकीतील पाण्याच्या पातळीच्या खालीच हवा. तो शेजारच्या स्टुलावर टाकीच्या उंचीला ठेवला तर मोटार कोरडी फिरते.

थरांचा क्रमही ठरलेला असतो. पाणी प्रथम जाड स्पंजातून जावे, मग सिरॅमिक रिंगांतून आणि शेवटी बारीक कापसातून. स्पंज कचरा अडवतो, कापूस पाणी स्वच्छ दिसेल असे करतो. पण माशांचा जीव राखतात त्या रिंगा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांना विषारी असतो. रिंगांवर आणि स्पंजावर वाढणारे जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बरेच सौम्य. ही जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. कारागीर ती नळाखाली पाच मिनिटांत मारून टाकतो, कारण नळाच्या पाण्यात टीसीएल पावडरचे क्लोरीन असते आणि ते जिवाणू मारण्यासाठीच घातलेले असते.

तिसऱ्या दिवशी मासे का मेले, याचे उत्तर येथे आहे. पाणी स्वच्छ दिसत होते, पण अमोनिया खाणारे कोणी उरले नव्हते.

धुण्याची योग्य रीत

प्रथम मोटार व हीटरचे प्लग काढा. टाकीतलेच दोन बादल्या पाणी काढून घ्या. डब्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून डबा मोरीत न्या. स्पंज आणि रिंगा त्या बादलीतल्या पाण्यातच हलक्या हाताने खळबळा. गाळ निघाला की पुरे. रिंगा पांढऱ्याशुभ्र होण्याची वाट पाहू नका, त्यांच्यावरचा तपकिरी रंग तसाच राहू द्या. साबण, निरमा, फिनाईल यांचा हातही लागू नये. फक्त बारीक कापूस खराब झाला तर नवा घाला. स्पंज फाटला किंवा रिंगा बदलायच्या झाल्या तर सगळ्या एकदम बदलू नका. आज अर्ध्या, बाकीच्या पाच-सहा आठवड्यांनी.

रिकामा डबा, झाकण आणि नळ्या नळाखाली धुतल्या तरी चालतात, कारण खरी वस्ती तेथे नसते. नळ्यांतला चिकट थर लांब ब्रशने काढावा. टाकीत नवे पाणी भरताना नळाचे असेल तर अँटीक्लोरीन घालावे. बोअरच्या पाण्यात सहसा क्लोरीन नसते, पण ते उंचावरून ओतावे, म्हणजे त्यात हवा मिसळते. गाळाचे काढलेले पाणी गटारात सोडू नका. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने पाण्यासाठी काय सोसले, ते आपण विसरलेलो नाही. हे पाणी कुंड्यांना आणि झाडांना उत्तम खत आहे.

बिघाड ओळखावा कसा?

नियम एकच : बाहेरून आत जावे. डबा उघडणे ही शेवटची पायरी आहे.

१) पाणी मंद येते. आधी टाकीतील जाळी पाहा, तेथे पाने किंवा शेवाळ अडकते. मग नळी कोठे मुडपली आहे का, व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत का ते पाहा. त्यानंतर कापूस, स्पंज आणि सर्वात शेवटी पंखा. मंद म्हणजे किती, हे अंदाजाने सांगू नका. परत येणारे पाणी १० लिटरच्या बादलीत धरून घड्याळ लावा. बादली ४० सेकंदांत भरली तर तासाला ९०० लिटर. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी ९ घनफूट, म्हणजे सुमारे २५५ लिटरची असते. रेती व वरची मोकळी जागा वजा जाता २२० लिटर धरा. तासाला टाकीच्या चौपट पाणी फिरावे, असा सर्वसाधारण हिशेब आहे, म्हणजे ९०० पुरेसे झाले. खोक्यावरचा आकडा रिकाम्या डब्याचा असतो, तो प्रमाण मानू नये. धुतल्यानंतरचा आकडा वहीत लिहा. तो तिसऱ्या हिश्श्याने घटला की पुढची सफाई आली, असे समजा.

२) मोटार घरघर किंवा खडखड करते. सफाईनंतर पहिला दिवस आवाज आला तर बहुधा आत हवा अडकलेली असते. डबा हलकेच तिरपा करून हलवा, हवा निघून जाते. आवाज थांबला नाही तर पंखा काढा. त्यात रेतीचा कण, गोगलगाईचे कवच किंवा मोडलेली सिरॅमिक दांडी सापडेल. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असल्याने पंख्यावर आणि दांडीवर पांढरा क्षार बसतो. तो चाकूने खरवडू नका. पंखा तासभर सिरक्यात किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवा, ब्रशने साफ करा आणि भरपूर पाण्याने धुवा. स्पंज आणि रिंगा मात्र या पाण्यात कधीही घालू नका.

३) मोटार सुरूच होत नाही. वाइंडिंग करणाऱ्या बांधवांनी येथे विशेष लक्ष द्यावे. या मोटारीचा रोटर म्हणजे एक गोल चुंबक. तो सुरू होताना उजवीकडे फिरेल की डावीकडे हे बहुतेक मोटारींत ठरलेले नसते, म्हणून पंख्याची पाती सरळ असतात आणि सुरुवातीला क्षणभर थरथर होते. तो बिघाड नव्हे. व्होल्टेज फार कमी असेल तर रोटर नुसता थरथरत राहतो. कॉइल राळेत ओतून पक्की बंद केलेली असते. ती फोडून पुन्हा गुंडाळली तर पाण्यात वीज उतरण्याचा धोका आहे. कॉइल जळली असेल तर झाकणासह मोटारीचा पूर्ण भाग बदलावा, जोडकाम करू नये.

४) झाकणातून पाणी गळते. दहापैकी नऊ वेळा गुन्हेगार रबरी रिंग असते. तिच्या खाचेत केस किंवा रेतीचा कण बसतो, किंवा रिंग सुकून कडक होते. खाच पुसा, रिंगेला सिलिकॉन ग्रीस लावा, चपटी झाली असेल तर बदला. व्हॅसलीन किंवा खाद्यतेल लावू नका, त्याने पुष्कळ जातीचे रबर फुगते आणि गळती वाढते.

५) परतीच्या पाण्यात बारीक बुडबुडे येतात. खाली येणाऱ्या नळीच्या जोडात हवा शिरते आहे, किंवा टाकीतील हवेचा दगड जाळीच्या अगदी जवळ आहे. जोड आवळा, दगड दूर सरकवा.

वीज गेल्यावर खरी परीक्षा

मंठ्याच्या ग्राहकाला सर्वात आवश्यक सल्ला हा आहे. डबा बंद असतो, त्यात बाहेरची हवा जात नाही. वीज गेली की पाणी थांबते आणि आतले जिवाणू उरलेला प्राणवायू संपवू लागतात. अर्ध्या तासाने वीज आली तर काही बिघडत नाही. पण कित्येक तास गेले आणि डब्याला कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागला, तर वीज येताच मोटार सुरू करू नका. ते विषारी पाणी थेट माशांवर जाईल. डब्यातले पाणी फेका, थर टाकीच्या पाण्यात खळबळा आणि मगच सुरू करा. उन्हाळ्यात धोका दुप्पट असतो. २० अंश तापमानाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशाला साडेसातच. त्यात गरम पाण्यात अमोनियाही अधिक विषारी होतो.

म्हणून मोठ्या टाकीच्या ग्राहकाला बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जरूर द्यावा. इन्व्हर्टर असेल तर फिल्टर त्यावर जोडता येतो, त्याचा खप मध्यम बल्बएवढाच असतो. मात्र इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. साध्या स्क्वेअर वेव्हवर या मोटारी गुणगुणतात आणि तापतात. आणखी एक काळजी : टाकीतून येणारी वायर प्लगपाशी थेट नेऊ नका. तिला खाली झोका द्या, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता झोक्यावरून खाली ठिबकेल.

चूक झालीच तर

फिल्टर नळाखाली धुतला गेला आणि मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले, तर वेळ दवडू नका. टाकीचे एक तृतीयांश पाणी अँटीक्लोरीन घातलेल्या पाण्याने बदला, हवेचा पंप जोरात लावा आणि दोन दिवस खाद्य बंद ठेवा. पुढेही दोन-तीन आठवडे खाद्य अगदी कमी द्या आणि थोडे थोडे पाणी बदलत राहा. ओळखीच्या माणसाकडे निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरातील मूठभर रिंगा आणून या डब्यात घाला. नवी वस्ती लवकर बसते.

धंद्याच्या दृष्टीने दोन गोष्टी. दुकानात रबरी रिंगा, पंखे, सिरॅमिक दांड्या, सिलिकॉन ग्रीस आणि कापूस एवढा माल ठेवा. त्यातच बहुतेक दुरुस्त्या भागतात. आणि प्रत्येक ग्राहकाची एक वही ठेवा : सफाईची तारीख, बादलीचे सेकंद, काय बदलले. तीन महिन्यांनी तारीख पाहून आपणहून त्याच्या दारी जा. ग्राहकाला आधीच सांगा, "शेठ, रिंगा तपकिरी दिसतील, त्या तशाच ठेवल्या आहेत. त्याच तुमचे मासे सांभाळतात." काम संपल्यावर सांगितलेली हीच गोष्ट सबब वाटते, आणि कामाआधी सांगितली तर हुन्नर वाटते.