चढताना पायी, उतरताना हेलिकॉप्टर: हिमालयातील नव्या रिवाजाचा हिशेब

एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंतची पदयात्रा आटोपशीर वेळेत पूर्ण करण्याचा एक नवा रिवाज गेल्या काही वर्षांत रुळला आहे. नेपाळमधील लुक्ला या गावापासून चालत सात-आठ दिवसांत ५,३६४ मीटर उंचीवरील तळछावणी गाठायची, दुसऱ्या दिवशी पहाटे काला पत्थरच्या माथ्यावरून सूर्योदय पाहायचा आणि खालच्या गोरक शेप या शेवटच्या मुक्कामावरून हेलिकॉप्टरने परतायचे. उतरणीचे तीन-चार दिवस वाचतात, गुडघे वाचतात आणि आयुष्यभर पुरेल अशी छायाचित्रे मिळतात. आदिलाबाद, निर्मल, निजामाबाद परिसरातील शिक्षकांना आणि नोकरदारांना या प्रवासक्रमाचे आकर्षण वाटावे, यात नवल नाही. बतुकम्मा-दसऱ्याची सुटी जेमतेम दोन आठवड्यांची. तेवढ्यात हिमालय बसवायचा, तर कोठेतरी दिवस कापावेच लागतात. दिवस उतरणीतले कापायचे की चढणीतले, हा मात्र पूर्णपणे वेगळा प्रश्न आहे. हेलिकॉप्टरच्या परतीविषयी जे काही समजून घ्यायचे, ते याच प्रश्नापाशी सुरू होते.

विरळ हवेत शरीराचे काय होते?

आदिलाबाद शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २६४ मीटर उंचीवर वसले आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे आपल्याकडचा चांगला भटक्याही ज्याला उंची म्हणतो, ती हिमालयाच्या हिशेबात पायथ्याखालीच राहते. गोरक शेप ५,१६४ मीटरवर आहे. तेथेही हवेतील प्राणवायूचे प्रमाण आपल्या गावाइतकेच, सुमारे २१ टक्के असते. घटतो तो हवेचा दाब. तळछावणीवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असल्याने प्रत्येक श्वासागणिक छातीत जाणारा प्राणवायूही निम्म्यावर येतो.

शरीर या उणिवेशी जुळवून घेते, पण आपल्या गतीने. प्रथम श्वास वाढतो. श्वास वाढल्याने रक्तातील आम्ल-अल्कलीचे संतुलन ढळते, ते सावरण्याचे काम मूत्रपिंडे दोन-चार दिवसांत करतात, तेव्हा कोठे श्वासाची नवी लय टिकते. रक्तातील तांबड्या पेशींची खरी वाढ व्हायला तर आठवडे लागतात. म्हणूनच ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आदल्या रात्रीच्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून अधिक उंचीवर झोपू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा दंडक आहे. नामचे बाजार (३,४४० मीटर) आणि दिंगबोचे (४,४१० मीटर) येथे दोन रात्री मुक्काम ठेवतात, तो विश्रांतीच्या चैनीसाठी नव्हे.

या दंडकाला बगल दिली की डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, झोप न लागणे ही उंचीच्या आजाराची लक्षणे दिसू लागतात. येथवर थांबले, तर माणूस बहुधा सावरतो. त्याच अवस्थेत पुढे चढत राहिले, तर मेंदूला सूज येऊ शकते: माणूस असंबद्ध बोलू लागतो, सरळ रेषेत चालताना झोकांड्या खातो. किंवा फुप्फुसांत पाणी साचते आणि बसल्या जागीही धाप लागते. दोन्ही प्रकार काही तासांत प्राणघातक ठरू शकतात आणि दोहोंवर पहिला उपाय एकच, तत्काळ खाली उतरणे. प्राणवायूचे नळकांडे, औषधे, दाबाची पिशवी ही सारी साधने उतरण्यासाठी वेळ मिळवून देतात, उतरण्याची जागा घेत नाहीत.

आता हेलिकॉप्टरचा हिशेब पाहा. उंचीवरून हेलिकॉप्टरने खाली येणे शरीराला अपायकारक नाही, उलट हितकारकच आहे. घातक ठरू शकते ते हेलिकॉप्टरने वर जाणे. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. गौरीकुंडाहून तेथे सुमारे १६ किलोमीटर चढून जाणाऱ्या यात्रेकरूला शरीराची कुरकुर वाटेतच ऐकू येते. फाट्यासारख्या तळावरून काही मिनिटांत उडून जाणाऱ्याला ती मंदिराच्या आवारात, कधी कधी रांगेत उभे असताना, एकदम ऐकू येते. तेव्हा ‘पायी चढा, उडून उतरा’ हा क्रम मुळात चुकीचा नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर. ‘वर काही झालेच तर हेलिकॉप्टर आहे’ असे एकदा मनात बसले, की नामचेचा विश्रांतीचा दिवस अनावश्यक वाटू लागतो, डोकेदुखी वाटाड्यापासून लपवली जाते आणि उतरणीत वाचवायचे दिवस चढणीतही वाचवले जातात.

हेलिकॉप्टर येईलच का?

विरळ हवेचा त्रास यंत्रालाही होतो. पात्यांना रेटा द्यायला हवा पुरेशी दाट नसते आणि इंजिनालाही ज्वलनासाठी कमी प्राणवायू मिळतो. म्हणजे उचलण्याची गरज तीच, बळ मात्र उणे. सखल भागात पाच-सहा जणांना घेऊन सहज उडणारे यंत्र गोरक शेपहून एका फेरीत दोघा-तिघांनाच उचलते. त्यांना फेरीचेसारख्या खालच्या ठिकाणी सोडून पुन्हा वर येते आणि सगळे जमल्यावर एकत्र पुढे नेते. म्हणूनच प्रवाशांचे आणि सामानाचे वजन काटेकोरपणे पाहिले जाते. १९९६च्या मे महिन्यात एव्हरेस्टवरील भीषण वादळानंतर नेपाळी सेनेचे वैमानिक मदन खत्री छेत्री यांनी सुमारे ६,००० मीटर उंचीवरून दोन जखमी गिर्यारोहकांची सुटका केली, तीही एका वेळी एकालाच उचलून, दोन फेऱ्यांत. २००५ मध्ये फ्रेंच वैमानिक दिदिए देल्साल यांनी थेट एव्हरेस्टच्या माथ्यावर हेलिकॉप्टर टेकवले खरे, पण हलक्या केलेल्या यंत्रात ते एकटेच होते. त्या विक्रमाचा दाखला देऊन ‘आता हेलिकॉप्टर कोठेही पोहोचते’ असे म्हणणे म्हणजे सर्कशीतला झोका पाहून घरच्या पाळण्याचे दोर ढिले करण्यासारखे आहे.

यंत्रापेक्षा लहरी असते ते आकाश. खुंबूच्या खोऱ्यात सकाळ बहुधा निरभ्र असते आणि दुपारनंतर ढग दरीतून वर चढतात. उड्डाणे त्यामुळे सकाळी उरकली जातात. रात्री आणि ढगांत सुटकेची आशा जवळपास नसते. आजार मात्र बहुधा रात्रीच बळावतो, कारण झोपेत श्वास मंदावतो. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रतालच्या वाटेवर बहुतांश कर्नाटकातील पदयात्री असलेला २२ जणांचा गट हिमवादळात सापडला. वायुसेनेची आणि राज्य आपत्ती दलाची हेलिकॉप्टरे निघाली, तेरा जणांना खाली आणता आले. नऊ जण तोवर गेले होते. हेलिकॉप्टर यायला हवामानाची परवानगी लागते आणि ज्या हवामानात माणसे अडकतात, त्याच हवामानात ती परवानगी सहसा मिळत नाही.

परतीचे उड्डाण स्वतःही निर्धोक नसते. १५ जून २०२५ची पहाट आपल्या भागाला विसरता येणारी नाही. केदारनाथचे दर्शन घेऊन गुप्तकाशीकडे परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळले आणि सातही जणांचा मृत्यू झाला. त्यांत पैनगंगेपलीकडचे, यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे एक कुटुंब होते, अवघ्या दोन वर्षांच्या मुलीसह. ते चढताना नव्हे, उतरताना गेले. ११ जुलै २०२३ रोजी नेपाळमध्ये सोलुखुंबूतून काठमांडूकडे निघालेल्या हेलिकॉप्टरमधील पाच मेक्सिकन पर्यटक आणि वैमानिकही असेच परतीच्या वाटेवर होते. त्या अपघातानंतर नेपाळने पावसाळ्याच्या उरलेल्या काळात अत्यावश्यक नसलेली हेलिकॉप्टर उड्डाणे थांबवली. पावसाळा आणि अंधुक पहाट, दोन्ही वेळी वैमानिकाने ‘थांबा’ म्हटले, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये, हे येथे सांगावे लागते, कारण पुढच्या गाडीचे आरक्षण खिशात असलेला प्रवासी नेमका तेच करतो.

आपल्या जिल्ह्यासाठी एक वेगळी सूचना

उंचीवर जाणाऱ्यांसाठी रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांची तपासणी सर्वत्र सांगितली जाते. आदिलाबाद, कुमुरम भीम आसिफाबाद आणि सीमेपलीकडील विदर्भ या पट्ट्यातील माणसाने त्यात सिकलसेलची भर घालावी. या भागातील आदिवासी समाजांत आणि इतरही काही समाजांत हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. ज्यांच्यात तो आई किंवा वडील अशा एकाच बाजूने आलेला असतो, त्यांना ‘वाहक’ म्हणतात. वाहक बहुधा धडधाकट असतात, शेतात राबतात, कबड्डी खेळतात आणि आपण वाहक आहोत याचा त्यांना पत्ताही नसतो. प्राणवायू कमी पडला, की मात्र दोष असलेल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. उंचीवर वाहकाच्या प्लीहेचा रक्तपुरवठा असा खंडित झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. डाव्या बरगडीखाली तीव्र कळ येते आणि तंबूतले सोबती तिला आम्लपित्त समजून गोळी देतात. प्रत्यक्ष सिकलसेलचा रुग्ण असेल, तर धोका कितीतरी अधिक.

प्राथमिक चाचणी साधी आहे. तीत दोष दिसला, तर पुढच्या चाचणीने वाहक की रुग्ण, हे नक्की करता येते. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे आणि त्यात आदिवासीबहुल जिल्ह्यांत तपासणीवर भर आहे. हिमालयाचे आरक्षण करण्याआधी हे उत्तर हाती असावे. गिर्यारोहणावरील बहुतेक माहितीपत्रके दूरच्या महानगरांत लिहिली जातात, त्यांत हा उल्लेख क्वचितच दिसतो. म्हणून तो येथे जरा विस्ताराने केला.

पायांच्या तयारीची जागा मात्र आपल्याकडे घरचीच आहे. कुंटाला धबधब्याच्या पायऱ्या आधी उतरायच्या असतात आणि कस लागतो तो परत वर येताना. माहूरगडाच्या पायऱ्या त्याच्या उलट. आठवड्यातून दोनदा पाठीवर ओझे घेऊन अशा पायऱ्या चढल्या-उतरल्या, तर मांड्या आणि गुडघे तयार होतात. एवढेच लक्षात ठेवावे, की याने दम वाढतो, उंचीची सवय होत नाही. २६४ मीटरवर राहून ५,००० मीटरची सवय करून देणारा व्यायाम नाही. भरदार छातीचा तरुण आजारी पडतो आणि हळू चालणारी पन्नाशीची बाई ठणठणीत राहते, हे त्या वाटेवरचे नेहमीचे दृश्य आहे. ज्यांच्यासाठी पायी जाणे आणि पायी येणे हाच विधी आहे, असे लोकही आपल्याच जिल्ह्यात आहेत. केस्लापूरच्या नागोबा जत्रेसाठी मेस्राम कुळातील मंडळी हस्तिनमडुगूहून गोदावरीचे जल आणायला पायीच जातात आणि ते घेऊन पायीच परततात.

विमा, बिले आणि कोणाच्या पोटावर पाय

हेलिकॉप्टरने परतणे हे सहलीचा भाग म्हणून ठरलेले असेल, तर त्याचा खर्च प्रवाशाचा. विमा कंपनी पैसे देते ते वैद्यकीय गरजेच्या सुटकेचे, आणि बहुतेक वेळा आधी कळवल्यावरच. ‘डोके दुखते असे सांगा, उड्डाण विम्यात बसवू’ असा सल्ला कोणी दिला, तर ती सरळ फसवणूक आहे. नेपाळात या प्रकाराने एवढा जोर धरला, की २०१८ मध्ये सरकारला चौकशी करावी लागली. एकाच फेरीत आणलेल्या अनेकांच्या नावे स्वतंत्र उड्डाणांची बिले लावणे, किरकोळ तक्रारीवर हेलिकॉप्टर बोलावणे असे प्रकार उघडकीस आले. पदयात्रेचा विमा घेताना तो किती मीटर उंचीपर्यंत लागू आहे, हे पाहावे. सर्वसाधारण प्रवास विमा अनेकदा ३,००० ते ४,००० मीटरच्या आसपासच थांबतो.

खोऱ्यातील लोकांचे म्हणणेही ऐकण्याजोगे आहे. पाहुणा उतरणीत चालला, तर तीन-चार रात्रींचे भाडे, जेवण, हमालाची मजुरी गावांत राहते. तो उडून गेला, की त्याचा फक्त आवाज राहतो. २०२५च्या जानेवारीत स्थानिक तरुणांच्या विरोधामुळे खुंबूतील व्यावसायिक हेलिकॉप्टर उड्डाणे काही काळ बंद पडली होती. गोंगाट, वन्यजीवांना होणारा त्रास आणि बुडणारा रोजगार, अशी त्यांची तक्रार होती. सुटकेच्या उड्डाणांना त्यांचा विरोध नव्हता.

तेलंगणच्या गिर्यारोहणाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेली उतरण तर हेलिकॉप्टरविनाच झाली. निजामाबाद जिल्ह्यातील पाकाला गावच्या मालावत पूर्णा हिने २५ मे २०१४ रोजी, वयाच्या तेरा वर्षे अकराव्या महिन्यात, खम्ममच्या सधनपल्ली आनंद कुमार याच्यासह एव्हरेस्ट सर केले. नेपाळमध्ये सोळा वर्षांखालील मुलांना परवानगी नसल्याने ही मुले तिबेटच्या, म्हणजे उत्तर बाजूने गेली. त्या बाजूला हेलिकॉप्टरने सुटका होण्याची सोय नव्हती. समाजकल्याण निवासी शाळेतील त्या दोघांनी भोनगीरच्या खडकावर पहिले धडे गिरवले होते, पुढे दार्जिलिंगच्या संस्थेत प्रशिक्षण घेतले होते, आणि शिखरावर चढताना खाली उतरण्याइतकी ताकद राखून ठेवण्याखेरीज त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

हेलिकॉप्टरचे आरक्षण करणाऱ्यानेही सामान बांधताना हाच हिशेब धरावा. गोरक शेपहून लुक्लापर्यंत चालत उतरण्याचे तीन दिवस वेळापत्रकात मोकळे ठेवावेत, तेवढ्या मुक्कामाचे पैसे वेगळे काढावेत आणि औषधेही तितकी घ्यावीत. लुक्लाची विमानेही ढगांमुळे दोन-दोन दिवस अडकतात आणि गर्दीच्या हंगामात ती काठमांडूऐवजी चार-पाच तासांच्या रस्त्यावरील मंथली येथून सुटतात. नागपूर किंवा हैदराबादचे परतीचे तिकीट काढताना ही तारीख धरावी, माहितीपत्रकात छापलेली नव्हे.