दहा हजारांत सात

सोन्यात लोखंड मिसळून विकणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगायला नको. पण अतिथंड तापमानांवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ अशी तार पैसे मोजून मागवतात, आणि भेसळीचं प्रमाण ती विकणाराच छापून देतो : ०.०७ टक्के. दहा हजार अणूंमागे लोखंडाचे सात. जोडीला क्रोमेल नावाच्या मिश्रधातूची तार लावली की तापमान मोजायचं थर्मोकपल तयार होतं. उणे २६३ अंश सेल्सिअसला, म्हणजे १० केल्व्हिनला, बाकीची बरीच थर्मोकपल जवळपास मुकी झालेली असतात. हे मात्र तिथेही दर केल्व्हिनला १५ मायक्रोव्होल्टच्या आसपास देत राहतं. ही करामत त्या सात अणूंची.

एका संशोधक मुलीने हे बोलता बोलता सांगितलं आणि मला राहवेना. भर पावसाळ्यात मी तिच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेत जाऊन बसले.

तिथे जाऊन बघावं तर तिचं तेव्हाचं काम सोन्याचं नव्हतंच, तांब्याचं होतं. पीएच.डी.चा खरा विषय सिरियमची संयुगं. पण त्याआधी तांब्यात लोखंड घालून साठ वर्षांपूर्वीचं मोजमाप तिला स्वतःच्या हाताने करून बघायचं होतं. "किती लोखंड?" मी विचारलं. "तेवढंच. दहा हजारांत सात."

दहा ग्रॅम तांब्याला हे लोखंड जेमतेम सहा मिलिग्रॅम भरतं. इतकं थोडं थेट तोलून टाकलं तर काट्याची चूकच भारी पडेल. म्हणून आधी लोखंड जास्त असलेला गोळा करायचा आणि मग त्याचा तुकडा नव्या तांब्यात वितळवून प्रमाण उतरवत न्यायचं. हे काम तिथले तंत्रज्ञ करतात. सगळे त्यांना काका म्हणतात, तिचे मार्गदर्शक प्राध्यापकसुद्धा. आर्गॉन वायूत विजेची ठिणगी पाडून धातू वितळवणं, गोळा उलटून पुन्हा वितळवणं, भट्टीत तापवून झटकन पाण्यात विझवणं, पट्टी कापणं, हे सगळं त्यांनी माझ्याशी एसटीच्या वेळापत्रकावर बोलत बोलत उरकलं. फक्त पाण्यात विझवताना ते गप्प झाले. सावकाश निवलं तर लोखंडाचे अणू तांब्यात एकमेकांना शोधून गोळा होतात, आणि मग मोजायचं राहतं एक आणि मोजलं जातं भलतंच.

खरी कसोटी त्यानंतर. मायक्रोस्कोपखाली त्या इवल्या पट्टीवर चांदीच्या पेस्टचे चार ठिपके द्यायचे आणि प्रत्येकात केसाहून बारीक सोन्याची तार बसवायची. बाहेरच्या दोन तारांतून विद्युतप्रवाह, आतल्या दोनांवर व्होल्टेज. म्हणजे जोडाचा स्वतःचा रोध हिशेबात येत नाही. पेस्टमधला द्रावक नेलपॉलिशमध्येही असतो. बंद खोली, बाहेर पाऊस, आणि तो गोडसर, डोक्यात चढणारा वास. घरी आल्यावर माझ्या ओढणीलाही तो होता, आणि पुढे त्या खोलीची आठवण झाली की आधी तोच आठवायचा.

"श्वास सोड, आणि सोडलेलाच ठेव," काका तिला सांगत होते. "तार आपोआप टेकेल. तू टेकवू नकोस." तिसरी तार निसटली. त्यांनी ठिपका खरवडला, नवा दिला. तिच्यावर कुणी वैतागलं नाही.

हा खटाटोप कशासाठी? धातू थंड होत गेला की त्याचा विद्युतरोध कमी होत जातो, कारण अणूंची थरथर कमी होते. शेवटी अशुद्धीमुळे होणारा रोध उरतो आणि आलेख आडवा होतो. पण लायडनमध्ये दे हास, दे बूर आणि फान देन बर्ग यांनी १९३४ साली सोन्याचा रोध मोजला, तेव्हा तो तळाला जाऊन पुन्हा वर चढताना दिसला. थंडी वाढतेय आणि वीज अडतेय! उत्तर मिळायला तीस वर्षं गेली. १९६४ साली टोकियोत जुन कोन्दो यांनी आकडेमोड एक पायरी पुढे नेली. साध्या अशुद्ध अणूवर इलेक्ट्रॉन आपटतो आणि जातो, मागून येणाऱ्याला त्याची खबर नसते. लोखंडाचा अणू मात्र चुंबकीय. आपटणाऱ्या इलेक्ट्रॉनची फिरकी (स्पिन) तो उलटवतो आणि त्यात त्याची स्वतःचीही उलटते. पुढच्या इलेक्ट्रॉनला भेटतो तो आधीच्याने बदलून ठेवलेला अणू. इलेक्ट्रॉन असे एकमेकांच्या वागण्याला बांधले जातात. तापमान उतरेल तसं हे बंधन घट्ट होतं आणि रोध चढतो.

गणितातून आणखी एक गोष्ट निघाली. आलेखाचा तळ कोणत्या तापमानाला पडेल ते अशुद्धीच्या पंचमूळावर ठरतं. लोखंड बत्तीस पट केलं तरी तळाचं तापमान फक्त दुप्पट! आधीची मोजमापं याच्याशी जुळली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मिरियम सॅराचिक मॉलिब्डेनम आणि नायोबियमच्या मिश्रधातूंत एक टक्का लोखंड घालून रोध मोजत होत्या. ज्या धातूंत लोखंड चुंबकीय राहतं त्यांतच रोध पुन्हा चढतो, हे त्यांनी दाखवलं. परिणामाला नाव मात्र कोन्दोंचं. ते योग्यच आहे, पण बारीक तारा लावणारे हात बघून आल्यावर मला सॅराचिकबाईच जास्त आठवतात.

कोन्दोंच्या सूत्रालाही एक खोट होती. ते तसंच खाली नेलं तर शून्य केल्व्हिनजवळ रोध अनंत व्हायला हवा, आणि तसं होत नाही. केनेथ विल्सन यांनी १९७५ साली दाखवलं की अगदी खाली भोवतालचे इलेक्ट्रॉन मिळून त्या अणूची फिरकी झाकून टाकतात. लांबून पाहिलं तर तो चुंबक उरतच नाही. तांब्यातल्या लोखंडाला हे ३० केल्व्हिनच्या आसपास सुरू होतं; तांब्यातच मँगनीज घातलं तर एका केल्व्हिनच्या जेमतेम शंभराव्या भागापर्यंत उतरावं लागतं. का, ते अणू आणि इलेक्ट्रॉन यांच्यातली ओढ किती यावर ठरतं, आणि ती थोडी बदलली की तापमान हजारो पटींनी सरकतं. १९९८ साली विद्या माधवन आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या पृष्ठभागावर कोबाल्टचा एकच अणू सूक्ष्मदर्शकाच्या सुईखाली धरून या झाकणाची खूण टिपली.

तारा लावलेली पट्टी थंड करायला द्रव हेलियम भरताना पांढरा धूर, सुसकारा, नळीवर बर्फ. पाहुण्यांना दाखवायला छान. हेलियम आपल्याकडे जवळपास सगळं बाहेरून येतं, म्हणून उडालेला वायू नळ्यांतून परत गोळा करतात. मग संगणक रात्रभर प्रवाहाची दिशा उलटसुलट करत ठिपके मांडत बसला. सकाळी पाहिलं तर रोध खाली आलेला, पंचवीस केल्व्हिनच्या जवळपास वळलेला, आणि ४.२ केल्व्हिनपर्यंत काही टक्के चढलेला. दहा हजारांत सात अणूंनी उरलेल्या नऊ हजार नऊशे त्र्याण्णवांची चाल बदलली होती. मुलीने आलेखाचा फोटो आईला पाठवला.

एक अणू असा समजला; गर्दीचं अजून पुरतं उमगलेलं नाही. लँथॅनममध्ये एक टक्का गॅडोलिनियम घातलं की त्याची अतिवाहकता, म्हणजे थंडीत रोधाशिवाय वीज वाहून नेण्याचा गुण, मरते, हे १९५८ सालापासून माहीत होतं. चुंबकीय अणू म्हणजे अतिवाहकतेचा शत्रू, असंच सगळे धरून चालले होते. १९७९ साली जर्मनीत फ्रँक स्टेग्लिश आणि सहकाऱ्यांना सिरियम, तांबं आणि सिलिकॉनचं एक संयुग अर्ध्या केल्व्हिनच्या आसपास अतिवाहक होताना सापडलं. त्यात पाचातला एक अणू चुंबकीय सिरियमचा! शिवाय त्यातले इलेक्ट्रॉन शेकडो पट जड असल्यासारखे वागतात. याचा उलगडा झालाय असं सांगणाऱ्या सिद्धांतकारांचं मी ऐकून घेते. एकाचं दुसऱ्याशी पटत नाही एवढं मात्र लक्षात आलंय.

मुलीला आता हेच संयुग करायचंय. सिरियम हवेत काळवंडतं, त्यामुळे ते तेलात ठेवतात आणि वापरण्याआधी घासून घेतात. घासणार काकाच.

"किती टाकायचंय या वेळी?" त्यांनी वही उघडली.

"वीस टक्के, काका."

"वीस?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग भेसळ तांब्याची म्हणायची की सिरियमची?" आकडा लिहून झाला, आणि त्याखाली त्यांनी आर्गॉनचा सिलिंडर सोमवारपर्यंत मागवायची नोंद केली.