‘हातच लावला ना, आणखी काही नाही ना?’

ट्यूशनवरून आलेली मुलगी दप्तर कोपऱ्यात टाकते आणि म्हणते, ‘‘अम्मी, उद्यापासून मी तिथे जाणार नाही.’’ खोदून खोदून विचारल्यावर रडत रडत सांगते. अम्मीच्या पोटात धस्स होते. तोंडातून पहिला प्रश्न निघतो, ‘‘हातच लावला ना? आणखी काही नाही ना?’’ मुलगी ‘नाही’ म्हणते. अम्मी अल्लाहचे शुक्र मानते आणि बजावते, ‘‘अब्बांना सांगू नकोस. खानदानाची बदनामी होईल.’’

अशी घरे आपल्या आजूबाजूला कमी नाहीत. बलात्कार झाला तरच गुन्हा, बाकी सगळे ‘छेडछाड’, असा आपला समज आहे. कायदा मात्र असे मानत नाही.

नागपूरचा खटला

डिसेंबर २०१६ मध्ये नागपुरात एका माणसाने बारा वर्षांच्या मुलीला पेरू देतो सांगून घरात नेले आणि तिच्या छातीला हात लावला. विशेष न्यायालयाने त्याला पोक्सो कायद्याखाली तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले की, मुलीचे कपडे अंगावर होते, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून हा पोक्सोतील ‘लैंगिक हल्ला’ नव्हे. देशभर खळबळ उडाली. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला. कपडा मध्ये होता की नव्हता याला महत्त्व नाही, स्पर्श करणाऱ्याचा हेतू लैंगिक होता का, हे पाहायचे, असे न्यायालयाने स्पष्ट केले आणि तीन वर्षांची शिक्षा कायम झाली.

म्हणजे ‘हातच लावला ना’ या प्रश्नाचे उत्तर देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयाने देऊन ठेवले आहे.

मुलांसाठी कायदा

२०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकासाठी आहे, मुलींसाठी आणि मुलांसाठीही. ‘मुलग्याला काय होते’ म्हणून दुर्लक्ष करू नये. लैंगिक हेतूने गुप्तांगाला किंवा छातीला हात लावणे, किंवा मुलाला तसे करायला लावणे हा लैंगिक हल्ला. त्याला तीन ते पाच वर्षे शिक्षा आहे. शरीरात अवयव, बोट किंवा वस्तू घालणे हा त्याहून गंभीर गुन्हा असून त्याला किमान दहा वर्षे आणि मूल सोळाच्या आतले असेल तर किमान वीस वर्षे शिक्षा आहे. अंगाला हात न लावता अश्लील बोलणे, मोबाइलवर घाणेरडे चित्र दाखवणे, वाईट हेतूने सतत पाठलाग करणे हाही गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. गुन्हेगार शिक्षक किंवा नातेवाईक असेल तर शिक्षा आणखी वाढते. ‘घरचाच माणूस आहे’ ही सबब कायद्यापुढे चालत नाही, उलट अंगावर येते.

‘ती राजी होती’ हेही अठराच्या आत चालत नाही. आपल्याकडे काही ठिकाणी सोळा-सतराव्या वर्षी निकाह लावून देतात, त्यांनी हे नीट वाचावे. पत्नी अठरा वर्षांखालची असेल तर तिच्याशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितले आहे.

मोठ्या स्त्रियांसाठी

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात विनयभंग, लैंगिक छळ, कपडे उतरवणे, खासगी क्षणी चोरून पाहणे वा चित्रण करणे, पाठलाग आणि अश्लील शेरेबाजी हे वेगवेगळे गुन्हे आहेत. बलात्काराच्या व्याख्येत स्पष्ट लिहिले आहे की, स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे धरता येणार नाही. भीतीने अंग गोठते, आवाज फुटत नाही, हे कायद्यालाही मान्य आहे.

गप्प बसणेही गुन्हा

पोक्सोखालचा गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मोहल्ल्यातल्या चार वडीलधाऱ्यांनी बसून माफी मागायला लावली, म्हणून प्रकरण मिटत नाही.

बदनामीची भीती खरी आहे, पण कायद्याने त्याचाही विचार केला आहे. पीडितेचे नाव जाहीर करणे गुन्हा आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. बलात्काराच्या आणि पोक्सोच्या पीडितांवर सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार केले पाहिजेत. घटना कुठेही घडली तरी तक्रार कोणत्याही पोलिस ठाण्यात नोंदवता येते. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत.

कलमांचे आकडे वकील पाहतील. आपण घरात आपला पहिला प्रश्न तेवढा बदलू या. मूल रडत आले तर त्याला जवळ घ्या आणि म्हणा, ‘‘तू सांगितलंस, फार बरं केलंस. चूक तुझी नाही.’’ या दोन वाक्यांनी त्याला धीर येईल आणि पुढचे सगळे ते तुम्हालाच सांगेल.