सीबीसी नॉर्मल, तरी रक्त थांबेना? हिमोफिलिया समजून घ्या

बेळगाव : दात काढला, तरी दुसऱ्या दिवशीही हिरडीतून रक्त येतंच आहे. रांगणाऱ्या मुलाच्या अंगावर काळेनिळे डाग उठतात, गुडघा सुजतो. घरात ‘उष्णता झाली’ म्हणतात, लेप लावतात, मालीश करतात. सीबीसीत प्लेटलेट नॉर्मल आल्या की सगळे निर्धास्त. घोटाळा इथंच होतो.

रक्त गोठतं कसं?

जखम झाली की रक्तवाहिनी आकसते आणि प्लेटलेट गोळा होऊन भोक बुजवतात. पण हे बूच कच्चं असतं. ते पक्कं करायला रक्तातली ‘फॅक्टर’ नावाची प्रथिनं धाग्यांची जाळी विणतात. फॅक्टर आठ कमी असेल तर हिमोफिलिया ए, नऊ कमी असेल तर बी. सीबीसीत फॅक्टर मोजलेच जात नाहीत. त्यासाठी पीटी आणि एपीटीटी या तपासण्या लागतात. हिमोफिलियात बहुधा एपीटीटी वाढलेला येतो. आजार सौम्य असेल तर तोही नॉर्मल येऊ शकतो. फॅक्टरची पातळी मोजल्यावरच निदान पक्कं होतं.

दोष आईचा?

अजिबात नाही. दोष एक्स गुणसूत्रावर असतो. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी. शिवाय सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो. तेव्हा सुनेला बोल लावण्यात अर्थ नाही.

इतर कारणं

व्हॉन विलेब्रँड हा आनुवंशिक आजार बायकांनाही होतो; पाळीत अति रक्तस्राव हे त्याचं एक लक्षण. यकृताचे आजार, ‘के’ जीवनसत्त्वाची कमतरता आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं यांमुळेही रक्त उशिरा गोठतं.

काय करायचं?

सुजलेला सांधा चोळू नका. बर्फाने शेका, विश्रांती द्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. स्नायूत इंजेक्शन, दात काढणं किंवा ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. डोक्याला मार लागला असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा.

फॅक्टरचं इंजेक्शन महाग आहे, पण अनेक सरकारी रुग्णालयांत ते मोफत मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हिमोफिलियाचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. वेळेवर फॅक्टर मिळालं तर सांधे वाचतात, मूल शाळेत जातं.